सगळे विषय सुटले, तरी नाव कमी कसं झालं?

मेअखेरीस नाशिकहून एका जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला. मुलगा अमेरिकेत एमएस करायला गेलेला. दोन सेमिस्टर झाली आणि विद्यापीठानं त्याचं नाव कमी केलं. ‘अहो, एकही विषय राहिला नाही त्याचा,’ काका पुन्हा पुन्हा सांगत होते. ‘एक केटी नाही. सगळे सुटलेत. मग काढतात कसे?’

काकांचा प्रश्न रास्त होता. फक्त तो आपल्याकडच्या विद्यापीठांच्या हिशेबानं विचारलेला होता, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

आपल्याकडे नापास होण्याचा हिशेब विषयागणिक चालतो. पासिंगपुरते मार्क पडले की विषय सुटला, पुन्हा त्याचं तोंड बघायचं कारण नाही. नाही सुटला तर तो उधारीसारखा डोक्यावर राहतो. एटीकेटी, बोलण्यात केटी, म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’: ठरावीक विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात, उधारी मागाहून फेडायची. फारच साचली की इयर डाउन. एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) चौथ्या खेपेला सुटलेले कितीतरी इंजिनिअर आज उत्तम पगारावर आहेत आणि तो एम-थ्री आता फक्त गेट-टुगेदरच्या गप्पांत निघतो.

अमेरिकी कॉलेजात उधारी चढते ती सरासरीची. प्रत्येक विषयाला अक्षरी ग्रेड मिळते आणि तिला गुण असतात: ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १, एफ म्हणजे शून्य. मधल्या पायऱ्याही असतात. बहुतेक ठिकाणी ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी मायनस २.७, सी प्लस २.३. विषयाच्या क्रेडिटनं (म्हणजे त्याच्या ठरलेल्या वजनानं) गुणून, एकूण क्रेडिटनं भागून जो आकडा निघतो तो जीपीए. पदवीच्या विद्यार्थ्यानं तो साधारणपणे २.० च्या वर ठेवायचा, एमएस किंवा पीएचडी करणाऱ्यानं ३.० च्या वर. म्हणजे एमएसच्या वर्गात बी ही काठावरची ग्रेड झाली. सी मिळाली तर विषय अनेक ठिकाणी सुटलेला धरतात, क्रेडिटही जमा होतात, पण सरासरी खाली ओढली जाते. सगळे विषय सोडवून माणूस बाहेर पडू शकतो तो असा.

काकांच्या मुलाचे आकडेच बघा. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय: बी, बी मायनस, सी प्लस. बेरीज ८.०, सरासरी २.६७. जानेवारीत पत्र आलं की तुम्ही ‘अ‍ॅकॅडमिक प्रोबेशन’वर आहात, या सेमिस्टरअखेर एकूण जीपीए ३.० वर आणा. आता सहा विषयांची सरासरी ३ हवी तर बेरीज १८ हवी. आठ झालेत, उरले दहा. तीन विषयांत दहा गुण म्हणजे तिन्ही विषयांत बी प्लस मिळवूनही भागत नाही, कारण ३.३ च्या तिप्पट ९.९ होतात. किमान एक ए मायनस लागणारच. मुलानं मेहनत घेतली, बी, बी आणि बी मायनस आणले. पहिल्यापेक्षा नक्कीच बरे. एकूण सरासरी २.७८ झाली आणि नाव कमी झालं.

पोरगं सुधारत होतं, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण सरासरी हे जडशीळ प्रकरण आहे, आणि जसजसे क्रेडिट साठत जातात तसतशी ती हलेनाशी होते. पदवीच्या विद्यार्थ्याचं उदाहरण घेऊ. पहिल्या सेमिस्टरला १५ क्रेडिट आणि जीपीए १.४ असेल, तर पुढच्या १५ क्रेडिटमध्ये २.६ आणला की गाडी २.० वर येते. अवघड आहे, पण होण्याजोगं. तोच १.४ घेऊन ६० क्रेडिटपर्यंत रेटत गेला तर पुढच्या एका सेमिस्टरात ४.४ आणावा लागेल. चारच्या वर ग्रेडच नसते. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला हात धरतात. तसं पाहिलं तर आपल्या केटीपेक्षा ही पद्धत निष्ठुर आहे, पण लवकर बोंब मारणारी आहे.

आता ‘प्रोबेशन’ या शब्दाविषयी. मराठी घरात हा आनंदाचा शब्द आहे. बँकेत लागला, सहा महिने प्रोबेशन आहे, मग कायम होईल; पेढे वाटा. अमेरिकी कॉलेजातलं प्रोबेशन उलट्या दिशेनं चालतं: आत असलेल्याला ‘बाहेर जायची वेळ येऊ शकते’ असं सांगणं. ती शिक्षा नाही. वर्ग चालू, परीक्षा चालू, ओळखपत्र चालू. काही ठिकाणी त्या सेमिस्टरात ठरावीक क्रेडिटपेक्षा जास्त घेऊ देत नाहीत, अ‍ॅडव्हायजरला भेटल्याशिवाय पुढची नोंदणी उघडत नाहीत, अभ्यासाच्या सवयींवरच्या कार्यशाळेला बसवतात. त्याच्या आधी कधी ‘वॉर्निंग’ची पायरी असते. नंतर ‘सस्पेन्शन’, म्हणजे एखादं सेमिस्टर किंवा वर्षभर बाहेर आणि मग परत येण्यासाठी नव्यानं अर्ज. शेवटची पायरी ‘डिसमिसल’, नाव कायमचं कमी. या पायऱ्यांची नावं आणि संख्या प्रत्येक विद्यापीठात वेगळी. कुठे डिसमिसलनंतरही काही वर्षांनी दार किलकिलं होतं, कुठे नाही. त्यामुळे मित्राच्या विद्यापीठात काय झालं यावर भरवसा न ठेवता आपल्या विद्यापीठाचा कॅटलॉग, म्हणजे नियमपुस्तिका, उघडून तेवढं एक पान वाचावं.

आणि आपल्याकडे हे अगदीच नाही असंही नाही. २०१५ साली आयआयटी रुरकीनं पहिल्या वर्षाच्या ७० हून अधिक विद्यार्थ्यांची नावं कमी केली होती, कारण त्यांचा सीजीपीए १० पैकी ५ च्या खाली होता. मुलं उच्च न्यायालयात गेली, तिथे दाद मिळाली नाही. नंतर संस्थेनंच पहिलं वर्ष पुन्हा करायची संधी दिली. जेईई पार करून आलेली ही मुलं. कुठल्याही परीक्षेत पुढे असणं हे पुढच्या परीक्षेचं तारण नसतं.

मग हुशार मुलं अडकतात कुठे? माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कारण बुद्धीचं नसतं, वेळापत्रकाचं असतं. आपल्याकडे शेवटच्या पंधरा दिवसांत पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) नावाची जादू होते. तिकडे पहिल्या आठवड्यात सिलॅबस नावाचा कागद मिळतो, त्यात लिहिलेलं असतं: गृहपाठ इतके टक्के, मिडटर्म इतके, प्रोजेक्ट इतके, शेवटची परीक्षा इतके. शेवटच्या परीक्षेला तिशी-चाळिशीचंच वजन असेल, तर आठव्या आठवड्यापर्यंत निम्मा निकाल लागून गेलेला असतो. डिसेंबरात बघू म्हणणाऱ्याला डिसेंबरात बघायला काही उरत नाही. त्यात नवीन गाव, चौघांत एक खोली, स्वयंपाक, रात्रीची शिफ्ट, सातासमुद्रापलीकडून घरचे फोन.

मधेच सोडवणूक म्हणून एक दार असतं, आणि त्याच दारात आपली मुलं ठेचकाळतात. अभ्यास जमत नाहीये असं दिसलं तर ठरावीक तारखेपर्यंत विषय सोडता येतो. गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ लागतो. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत, त्यामुळे एफपेक्षा तो केव्हाही बरा. पण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यानं पूर्णवेळ शिकणं बंधनकारक आहे. पदवीला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट, एमएसला बहुतेक विद्यापीठांत ९. तीन विषय म्हणजे ९ क्रेडिट. एक सोडला की ६, आणि व्हिसाची अट मोडली.

यावर तोड आहे, ती माहीत मात्र असायला हवी. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात एक अधिकृत माणूस असतो, त्याला डीएसओ म्हणतात. विषय सोडण्याच्या आधी त्याच्याकडून कमी क्रेडिटची मंजुरी घेता येते. इंग्रजी वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी शिकवण्याची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या विषयात बसवलं जाणं, अशा कारणांसाठी ती एका पातळीच्या शिक्षणात एकदाच मिळते आणि तरीही निम्मे क्रेडिट ठेवावे लागतात. आजारपणासाठी नियम सैल आहे: डॉक्टरच्या पत्रावर एका पातळीत एकूण १२ महिन्यांपर्यंत, गरज पडली तर शून्य क्रेडिटवरही. या सगळ्यात ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. आधी विषय सोडून मग मंजुरी मागणाऱ्याचं रेकॉर्ड तोवर बिघडलेलं असतं.

प्रोबेशनचं पत्र आलं की व्हिसा गेला, असं घाबरून सांगणारे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुष्कळ. तसं होत नाही. प्रोबेशन ही कॉलेजची अंतर्गत बाब आहे आणि नुसत्या प्रोबेशननं एफ-वनला धक्का लागत नाही. एक बारीक काटा मात्र आहे. आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, शिक्षण संपण्याची तारीख असते. ती पुढे ढकलायला शैक्षणिक किंवा वैद्यकीय सबळ कारण लागतं, आणि प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे झालेला उशीर हे कारण चालत नाही, असं नियमातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

डिसमिसल झालं तर चित्र बदलतं. विद्यार्थी पूर्णवेळ शिकत नाही म्हटल्यावर कॉलेजला सेव्हिस या सरकारी नोंदपुस्तकातलं त्याचं रेकॉर्ड बंद करावं लागतं. शिक्षण पूर्ण करणाऱ्याला सामान आवरायला ६० दिवस मिळतात. डीएसओची परवानगी घेऊन स्वतःहून शिक्षण सोडणाऱ्याला १५ दिवस. नियम मोडल्यामुळे रेकॉर्ड बंद झालेल्याला शून्य. म्हणून पत्र हातात पडल्याच्या दिवशीच डीएसओला गाठायचं. रेकॉर्ड बंद होण्याआधी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर ते तिकडे वर्ग होऊ शकतं. बंद झाल्यावरही ‘रीइन्स्टेटमेंट’चा अर्ज असतो, पण तो साधारण पाच महिन्यांच्या आत करावा लागतो आणि निकाल सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. पाच महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहून परतायचं तर नवी आय-ट्वेंटी आणि सेव्हिसची ३५० डॉलरची फी पुन्हा.

तिकडेच जन्मलेल्या किंवा ग्रीन कार्डवाल्या मराठी मुलांना व्हिसाची चिंता नाही, त्यांच्यापुढे पैशाची आहे. सरकारी शिष्यवृत्ती आणि कर्ज चालू राहायला वेगळी चाळणी लागते. तिच्यात जीपीए तर बघतातच, शिवाय पदवी ठरलेल्या लांबीच्या दीडपट मर्यादेत व्हायला हवी. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८० क्रेडिटपर्यंत धडपड चालेल. १२० भागिले १८० म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून घेतलेल्यांपैकी ६७ टक्के क्रेडिट तरी सुटले पाहिजेत, असा दंडक. जीपीएत न दिसणारा डब्ल्यू इथे मात्र दिसतो: घेतलेल्यांत धरतात, सुटलेल्यांत धरत नाहीत. एकाच कॉलेजात जीपीएच्या हिशेबानं ठीक असलेल्या मुलाची मदत या चाळणीत थांबू शकते. ही दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळी पत्रं, दोन वेगळी अपिलं.

काकांनी दुसऱ्या फोनला विचारलं, ‘कोर्टात जाता येत नाही का?’

जाता येतं, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं या वाटेवर दोन मोठे दगड ठेवलेत. पहिला खटला शार्लट हॉरोविट्झचा. मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. लेखी परीक्षांत अव्वल, पण रुग्णांशी वागणं, वेळ पाळणं, स्वच्छता याबद्दल शिक्षक नाराज. तिला आधी प्रोबेशनवर ठेवलं. मग सात डॉक्टरांकडे पाठवलं, प्रत्येकानं तिचं काम पाहून मत द्यायचं. दोघं म्हणाले, वेळेत पदवी द्या. दोघं म्हणाले, ताबडतोब काढा. तिघं म्हणाले, पदवी आत्ता नको, प्रोबेशनवर चालू ठेवा. इतकी मतमतांतरं असूनही १९७३ मध्ये तिला काढलं. १९७८ मध्ये न्यायालय म्हणालं, शैक्षणिक कारणानं काढताना रीतसर सुनावणी घेणं सक्तीचं नाही. विद्यार्थिनीला उणिवा आधी सांगितल्या होत्या आणि निर्णय विचारपूर्वक घेतला होता, एवढं पुरे.

दुसरा स्कॉट युइंगचा, १९८५ चा. मिशिगन विद्यापीठाच्या सहा वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात एका राष्ट्रीय परीक्षेत त्याला २३५ गुण पडले, पास व्हायला ३४५ हवे होते. इतर नापास मुलांना परत बसू दिलं होतं, त्याला बसू दिलं नाही. न्यायालयानं एकमतानं विद्यापीठाची बाजू घेतली: शिक्षकांनी शैक्षणिक निकषांवर घेतलेल्या निर्णयात न्यायाधीशांनी सहसा हात घालू नये. मला व्यक्तिशः युइंगबद्दल आजही वाईट वाटतं, पण कायदा हा आहे.

यातून एक फरक लक्षात ठेवण्याजोगा निघतो. कॉपी, दुसऱ्याचा कोड उचलणं, हाणामारी, हे शिस्तीचे आरोप आहेत. सरकारी विद्यापीठात तिथे आपली बाजू मांडायचा हक्क बराच भक्कम असतो. मार्क कमी पडणं हा आरोप नाही, ते मूल्यमापन आहे. तिथे खरी लढाई कोर्टात होत नाही, अपिलाच्या पत्रात होते.

त्या पत्राला मुदत फार थोडी असते, अनेक ठिकाणी आठवडा-दोन आठवडे, आणि मुदतीची सूचना विद्यापीठाच्या ईमेलवर येते. सुट्टी लागली म्हणून ती पेटी न उघडणारे महाभाग असतात. पत्र वाचते ती प्राध्यापकांची छोटी समिती. तिला तीन गोष्टी हव्या असतात: काय झालं, ते संपलं किंवा आटोक्यात आलं कशावरून, आणि पुढच्या सेमिस्टरला तुम्ही नेमकं काय वेगळं करणार. आजार असेल तर डॉक्टरचा कागद, घरात मृत्यू झाला असेल तर दाखला. ‘जास्त मेहनत घेईन’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं, त्यामुळे त्याचं वजन शून्य. ‘आठवड्याच्या नोकरीचे २० तास १० वर आणलेत, अमुक विषय पुन्हा घेणार आहे, दर मंगळवारी ट्यूटरिंगची वेळ ठरवली आहे’ याला वजन असतं.

काकांच्या मुलानं पहिला मसुदा मला पाठवला होता. सुरुवात दहावीच्या ९४ टक्क्यांपासून, मग सीईटी, मग वडिलांनी काढलेलं कर्ज, शेवटी एका प्राध्यापकावर पानभर राग. दहावीच्या टक्क्यांचं समितीला काही नाही. कर्जाचं वाचून कुणालाही वाईट वाटेल, पण सगळ्यांच्याच पत्रात कर्ज असतं. आणि ग्रेड चुकीची दिली असं म्हणणं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आहे, त्याची मुदतही वेगळी. आम्ही पत्र दीड पानावर आणलं. ते फेटाळलं गेलं, हेही सांगतो.

या सगळ्यात काकांना सर्वांत जास्त काय लागलं? प्रोबेशनचं पत्र जानेवारीत आलं होतं. मुलानं पाच महिने घरी ब्र काढला नव्हता, आणि विद्यापीठानंही नाही. काकांनी तिथल्या कार्यालयाला फोन लावला तर समोरच्या बाईंनी गोड शब्दांत सांगितलं, आम्ही काही सांगू शकत नाही. फेर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं किंवा १८ वर्षांचं झालं की गुणपत्रकावरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो. तिकडच्या करविवरणात मूल अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज पालकांना सांगू शकतं. नाशिकच्या पालकांना तो मार्ग नाही. मुलानं संमतीपत्रावर सही केली तरच. ‘फी आम्ही भरायची आणि मार्क आम्हाला सांगायचे नाहीत?’ काका म्हणाले. हो, तसंच आहे.

मुलगा पत्र आल्या दिवशी डीएसओकडे गेला होता, एवढी एक गोष्ट त्यानं वेळेत केली. रेकॉर्ड बंद करायच्या आधी थोडे दिवस मिळाले, तेवढ्यात एका लहान विद्यापीठानं प्रवेश दिला. अर्जात आधीचं गुणपत्रक जोडलं होतं, डिसमिसलच्या शेऱ्यासकट. तो शेरा लपवणं हा वेगळाच गुन्हा झाला असता. नवं विद्यापीठ बी किंवा त्यावरच्याच ग्रेडचे, आणि तेही जास्तीत जास्त सहा क्रेडिट मान्य करतं. म्हणजे सहा विषयांपैकी दोन धरले, चार पुन्हा करायचे, फी भरून.

हे सगळं मी काकांना फोनवर नीट समजावून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

‘म्हणजे शेवटी,’ काका म्हणाले, ‘चार केट्याच की.’